लॉग म्हणजे ‘कितवा घात?’

पत्र: मी मराठी माध्यमातून दहावी होऊन यंदा अकरावी सायन्सला आले आहे. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या तासाला ‘आता लॉग लावा’ म्हणतात आणि पुढे जातात. नियम पाठ आहेत, टेबल बघता येतं, पण बार (आकड्याच्या डोक्यावरची रेघ) आला की उत्तर हमखास चुकतं. वर्गमूळ काढताना बारला दोनाने भागायचं कसं? पीएचची गणितं कधी बरोबर येतात, कधी नाही, आणि का ते कळत नाही. लॉग (अ + ब) म्हणजे लॉग अ + लॉग ब का नाही? आणि मुळात लॉग म्हणजे काय, असं विचारलं की ‘घातांकाचं उलट’ एवढंच उत्तर मिळतं. कृपया नीट सांगा.
– अकरावी सायन्स, जि. सांगली

उत्तर: ‘घातांकाचं उलट’ हे चूक नाही, पण त्यावरून काहीच करता येत नाही. त्यापेक्षा लॉग दिसला की मनात एक प्रश्न वाचायचा: कितवा घात?

लॉग १००० म्हणजे ‘१० चा कितवा घात केला की १००० येतात?’ तिसरा. म्हणून लॉग १००० = ३. ज्या संख्येचा घात करायचा तिला पाया म्हणतात, आणि तो लिहिला नसेल तर इथे १० धरायचा. पाया २ असेल तर लॉग ३२ म्हणजे ‘२ चा कितवा घात ३२?’ पाचवा. म्हणजे २^५ = ३२ (^ ही खूण इथे घातासाठी वापरली आहे) आणि ‘पाया २, लॉग ३२ = ५’ ही एकच गोष्ट दोन तऱ्हांनी लिहिलेली आहे. लॉगचं उत्तर हा नेहमी एक घातांक असतो. तुझ्या सगळ्या अडचणी शेवटी इथेच येऊन थांबतात, म्हणून एवढं वाक्य घट्ट धर.

टेबल उघडण्याआधी काही लॉग तोंडी काढून बघ. लॉग ०.०१? १० चा कितवा घात ०.०१? उणे दुसरा, म्हणून −२. पाया ८, लॉग २? ८ चं घनमूळ २, म्हणून १/३. पाया ९, लॉग २७? ९ चं वर्गमूळ ३ आणि ३ चा घन २७, म्हणून ३/२. लॉग १ कोणत्याही पायाला शून्य, कारण कोणत्याही पायाचा शून्यावा घात १ असतो. ही अशी वीस-पंचवीस गणितं न अडखळता तोंडी सुटली की मगच पुढे जा. टेबलची घाई करणारे इथेच कच्चे राहतात.

आता लॉग ५०. १० चा पहिला घात १०, दुसरा १००. ५० मध्ये कुठेतरी, म्हणून लॉग १ आणि २ च्या मध्ये: १.६९९०. पन्नास हा १० आणि १०० च्या बरोबर मध्येही नाही, पण त्याचा लॉग मात्र २ च्या बराच जवळ गेला आहे हे बघून ठेव. लॉग सुरुवातीला झपाट्याने वाढतो आणि पुढे मंदावतो.

शून्याचा किंवा ऋण संख्येचा लॉग का नसतो, हेही त्याच प्रश्नातून सुटतं. १० चा कोणताही घात घे, धन, ऋण, अपूर्णांक, उत्तर धनच येतं. −५ कधीच येत नाही, ० सुद्धा येत नाही. म्हणून तिथे ‘कितवा?’ ला उत्तरच नाही. पाया १ का चालत नाही? १ चा कितवाही घात १ च. हे नियम पाठ करण्यासारखे नाहीतच.

बेरजेच्या नियमाकडे येऊ. १०० × १००० = १०^२ × १०^३ = १०^५. संख्यांचा गुणाकार केला, घातांकांची बेरीज झाली. लॉग म्हणजे घातांक, म्हणून लॉग (अ × ब) = लॉग अ + लॉग ब. भागाकाराला वजाबाकी, आणि लॉग (अ^न) = न × लॉग अ. तिन्ही नियम म्हणजे तू शाळेत शिकलेले घातांकांचेच नियम आहेत. पण १०^२ + १०^३ चं काय? ११००. त्याचा १० च्या घातात काही सोपा नियम नाही. म्हणून लॉग (अ + ब) ला नियम नाही, आणि तो जसाच्या तसा ठेवायचा. शंका आली तर २ आणि ३ घालून बघ: लॉग २ = ०.३०१०, लॉग ३ = ०.४७७१, बेरीज ०.७७८१. लॉग ५ मात्र ०.६९९०. मग ०.७७८१ कोणाचा लॉग? ६ चा. एखादा नियम खोटा असेल तर तो पकडायला हा दोन-तीनचा प्रयोग बहुधा पुरतो, परीक्षेतही.

हा फरक नुसता वहीतला नाही. आवाजाचं डेसिबल हे लॉगचं माप आहे: तीव्रता संदर्भ तीव्रतेच्या किती पट आहे, त्याचा लॉग, गुणिले १०. ८० डेसिबलचा एक स्पीकर चालू आहे, शेजारी तसाच दुसरा लावला, तर १६० होत नाहीत. तीव्रता दुप्पट झाली, लॉग २ = ०.३०१० ने वाढला, दहापट केल्यावर ३. एकूण ८३ डेसिबल. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दहाचा फरक किरकोळ दिसतो, पण तो तीव्रतेत दहापटीचा फरक आहे. मंडपापाशी ८५ मोजले तर ते ५५ च्या दीडपट नव्हे, हजारपट. भूकंपाचंही तसंच. किल्लारीचा १९९३ चा भूकंप सुमारे ६.२ आणि भूजचा २००१ चा सुमारे ७.७ तीव्रतेचा. फरक दीडचा, पण एका एककाला ऊर्जा जवळजवळ ३२ पट होते (१०^१.५), म्हणून दीड एककाला १०^२.२५, म्हणजे पावणेदोनशे पटीच्या आसपास. असे आकडे बातमीत वाचताना वजाबाकी करायची आणि ती घातांकात आहे हे लक्षात ठेवायचं.

आता टेबल. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉग प्रसिद्ध केले ते खगोलशास्त्रातले लांबलचक गुणाकार वाचवण्यासाठी. लंडनचा हेन्री ब्रिग्ज १६१५ मध्ये त्याला एडिंबरोला जाऊन भेटला, आणि १० हा पाया त्या भेटीगाठींतून ठरला. १० का, हे तुला टेबल वापरताना रोज दिसतं. ३.४५६, ३४.५६ आणि ३४५६ या तिघांचे लॉग ०.५३८६, १.५३८६ आणि ३.५३८६ आहेत. दशांश चिन्ह सरकलं की फक्त पूर्णांक बदलतो, कारण दहाने गुणणं म्हणजे लॉगमध्ये १ मिळवणं. म्हणून टेबलमध्ये फक्त दशांशानंतरचा भाग, मँटिसा, छापतात. पूर्णांक, म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक, आपण बघून लिहायचा.

‘दशांशाआधी जेवढे अंक त्यातून एक वजा, दशांशानंतर जेवढी शून्यं त्यात एक अधिक आणि बार’ हा नियम बरोबर आहे, पण घाईत उलटा होतो. त्याऐवजी संख्या आधी दशांशाआधी एकच अंक राहील अशी लिही: ०.००३४५६ = ३.४५६ × १०^(−३). घातावर जे आहे तेच कॅरॅक्टरिस्टिक. मोजायचं काही उरलंच नाही.

मँटिसा बघताना तीन ठिकाणी पाय घसरतो. ३.४५६ साठी ३४ ची ओळ, ५ चा रकाना: ५३७८. मग त्याच ओळीत मीन डिफरन्सच्या (चौथ्या अंकासाठीच्या) ६ च्या रकान्यात ८. हे ८ शेवटच्या अंकात मिळवायचे: ५३८६. ते शेपटीला जोडून ५३७८८ करायचे नाहीत. दुसरं, ७ सारख्या एका अंकाच्या संख्येसाठी ७० ची ओळ आणि ० चा रकाना. टेबल १० पासून सुरू होतं म्हणून ‘७ नाहीच’ असं वाटतं. तिसरं, चारापेक्षा जास्त अंक असतील तर आधी चार अंकांपर्यंत राउंड ऑफ कर आणि मग बघ. आणि हो, मीन डिफरन्स त्याच ओळीतला हवा. खालच्या ओळीवर नजर घसरणं ही नेहमी होणारी चूक आहे. ओळीखाली पट्टी धर, त्यात कमीपणा नाही.

बार हा खरा अडसर, तिथे सावकाश जाऊ.

लॉग ०.००३४५६ = −३ + ०.५३८६ = −२.४६१४. कॅल्क्युलेटर तुला −२.४६१४ दाखवेल. पण ही ऋण संख्या घेऊन अँटीलॉग टेबलमध्ये (लॉगवरून मूळ संख्या परत काढायच्या टेबलमध्ये) शिरता येत नाही, कारण टेबलमध्ये सगळे मँटिसा धन आहेत. म्हणून −३ आणि ०.५३८६ वेगवेगळे ठेवून लिहायचे: ३ च्या डोक्यावर रेघ, पुढे .५३८६. इथे टाइप करायच्या सोयीसाठी त्याला ‘बार ३.५३८६’ म्हणू. रेघ फक्त ३ वर आहे. ऋण फक्त ३ आहेत, मँटिसा धन आहे. ‘बार ३.५३८६’ आणि ‘−३.५३८६’ या दोन वेगळ्या संख्या आहेत, आणि तुझी बहुतेक चुकलेली उत्तरं या दोघांची सरमिसळ झाल्यामुळे आली असणार.

बारची बेरीज-वजाबाकी करताना मँटिसा आधी, नेहमीसारखी. त्यात हातचा आला तर तो +१, बारमध्ये मिसळायचा: −३ आणि हातचा १ मिळून −२, बार ४ नव्हे. वजाबाकीत उसना घेतला तर कॅरॅक्टरिस्टिकमधून १ कमी करायचा: −१ मधून १ गेला की −२.

भागाकारात पेच असा. ०.००३४५६ चं घनमूळ हवं असेल तर बार ३.५३८६ ला ३ ने भागायचं. −३ ला ३ ने भाग जातो, −१. मँटिसा ०.५३८६ भागिले ३ = ०.१७९५. उत्तर बार १.१७९५, अँटीलॉग ०.१५१२. झालं. वर्गमूळ हवं असेल तर −३ ला २ ने भाग जात नाही. दीड बार असं काही नसतं. म्हणून −३ चे −४ कर, आणि जो १ जास्त काढला तो मँटिसाला दे:

बार ३.५३८६ = −३ + ०.५३८६ = −४ + १.५३८६
दोनाने भागून: −२ + ०.७६९३ = बार २.७६९३
अँटीलॉग: ०.०५८७९

बारचा आकडा भाजकाने निःशेष भागला जाईपर्यंत मोठा करायचा आणि जेवढा वाढवला तेवढे मँटिसात घालायचे. एवढाच नियम. गुणाकारातही मँटिसा आधी गुणायचा आणि हातचा धन समजून बारमध्ये मिसळायचा.

हे सगळं एकत्र दाखवणारं एक गणित घे. साध्या दोलकाची लांबी ०.८५ मीटर, गुरुत्वत्वरण जी = ९.८. आवर्तकाल = ६.२८४ × √(०.८५ / ९.८), जिथे ६.२८४ म्हणजे २ × ३.१४२.

लॉग ०.८५ = बार १.९२९४
लॉग ९.८ = ०.९९१२

वजाबाकी: ०.९२९४ मधून ०.९९१२ जात नाहीत, १ उसना घे. १.९२९४ − ०.९९१२ = ०.९३८२. कॅरॅक्टरिस्टिक −१ होता, उसना दिल्यावर −२. म्हणजे बार २.९३८२. वर्गमुळासाठी २ ने भाग: यावेळी −२ ला भाग जातो, −१. मँटिसा ०.४६९१. बार १.४६९१. आता लॉग ६.२८४ = ०.७९८३ मिळव. ०.४६९१ + ०.७९८३ = १.२६७४, हातचा १ आणि बार १ एकमेकांना खातात, उरले ०.२६७४. अँटीलॉग: ०.२६ ची ओळ, ७ चा रकाना १८४९, मीन डिफरन्स ४ ला २, एकूण १८५१. कॅरॅक्टरिस्टिक ० म्हणून दशांशाआधी एक अंक: १.८५१ सेकंद.

उत्तर लिहिण्याआधी अंदाज घ्यायची सवय लाव. ०.८५ भागिले ९.८ म्हणजे जवळजवळ ०.०९, वर्गमूळ ०.३, सहापेक्षा थोडं जास्तने गुणलं तर १.९ च्या आसपास. आलेलं १.८५१ बसतं. ०.१८५१ किंवा १८.५१ आलं असतं तर बार कुठेतरी घसरला हे पाच सेकंदांत कळलं असतं. बेरीज-वजाबाकीतल्या बारच्या चुका बहुधा अंक बदलत नाहीत, दशांश चिन्हाची जागा बदलतात, म्हणून हा अंदाज त्या नेमक्या पकडतो.

पीएच. इथे तुझं ‘कधी बरोबर, कधी नाही’ याचं कारण अगदी स्पष्ट आहे. पीएच म्हणजे हायड्रोजन आयनांच्या कॉन्सन्ट्रेशनचा लॉग, उलट चिन्हाने. (हे माप कोपनहेगनच्या सोरेनसेनने १९०९ मध्ये आणलं.) कॉन्सन्ट्रेशन १०^(−४) असेल तर पीएच ४, मँटिसा शून्य, म्हणून चूक व्हायला जागाच नाही. पण ३ × १०^(−४) असेल तर लॉग बार ४.४७७१. इथे बरेच जण बार पुसून ४.४७७१ लिहितात. बार ४.४७७१ म्हणजे −४ + ०.४७७१ = −३.५२२९, म्हणून पीएच ३.५२. तपासायचं असेल तर असं: ३ × १०^(−४) हे १०^(−४) पेक्षा जास्त आम्लधर्मी, म्हणून पीएच ४ पेक्षा कमीच हवा. ४.४७ आला की थांबायचं.

उलट जाताना हीच चूक आरशात दिसते. पीएच ५.४ दिला आहे, कॉन्सन्ट्रेशन काढ. लॉग = −५.४. यातला .४ घेऊन अँटीलॉग बघितला तर २.५१२ × १०^(−५) येतं, आणि ते चूक. आधी मँटिसा धन कर: −५.४ = −६ + ०.६ = बार ६.६. अँटीलॉग ०.६ = ३.९८१, म्हणून ३.९८१ × १०^(−६). ऋण दशांश संख्या टेबलकडे नेण्याआधी तिचा मँटिसा धन करायचा, हे पीएचलाच नव्हे, सगळीकडे लागू.

केमिस्ट्रीत पुढच्या वर्षी २.३०३ भेटेल. तो कुठून येतो हे आत्ताच बघून ठेव, म्हणजे सूत्र पाठ करावं लागणार नाही. काही ठिकाणी लॉगचा पाया १० नसून ई असतो, ई = २.७१८२८… त्याला नैसर्गिक लॉग म्हणतात. त्या पायावर १० चा लॉग २.३०३ आहे. म्हणून नैसर्गिक लॉग = २.३०३ × साधा लॉग. तिथेच अर्धायुष्याच्या सूत्रात भेटणाऱ्या ‘०.६९३ भागिले के’ मधला ०.६९३ म्हणजे नैसर्गिक लॉग २, आणि २.३०३ × ०.३०१० करून बघ, तोच येतो. बारावीच्या गणितात डेरिव्हेटिव्हच्या धड्यात मात्र ‘लॉग एक्स’ लिहिलं की पाया ई धरतात. त्याचा डेरिव्हेटिव्ह १/एक्स आहे तो त्यामुळेच. फिजिक्स-केमिस्ट्रीच्या टेबलात १०, कॅल्क्युलसमध्ये ई: पाया न लिहिलेला लॉग कोणत्या विषयाच्या वहीत आहे ते बघूनच वाच.

चार अंकी टेबलची एक मर्यादाही माहीत असावी. २^१०० मध्ये किती अंक आहेत? १०० × ०.३०१० = ३०.१०, कॅरॅक्टरिस्टिक ३०, म्हणून ३१ अंक. हे बरोबर आहे. पण सुरुवातीचे अंक काढायला अँटीलॉग ०.१० बघितला तर १.२५९ येतं, आणि खरं उत्तर १.२६७ ने सुरू होतं. चूक टेबलची नाही. लॉग २ खरं तर ०.३०१०३, त्यातला ०.००००३ आपण सोडला आणि मग त्याला शंभरने गुणलं. लॉगला मोठ्या संख्येने गुणताना ही गळती वाढते. दोन-तीन संख्यांच्या गुणाकारात चौथ्या अंकात १ चा फरक पडला तर काळजी नको.

मग कॅल्क्युलेटरच्या जमान्यात हे कशाला, असं मनात येईल. एक कारण सरळ व्यवहाराचं: आपल्या बारावी बोर्डाच्या फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या पेपरला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. दुसरं कारण टेबलशी संबंधित नाही. अज्ञात संख्या घातावर बसली असेल तर लॉगशिवाय ती खाली आणता येत नाही. ७ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेव किती वर्षांत दुप्पट? १.०७^न = २. दोन्ही बाजूंचा लॉग घे: न × लॉग १.०७ = लॉग २. न = ०.३०१० / ०.०२९४ = १०.२४, म्हणजे साधारण सव्वादहा वर्षं. इथे एक सापळा आहे. लॉग अ भागिले लॉग ब हा खराखुरा भागाकार आहे, त्याची वजाबाकी होत नाही. वजाबाकी लॉग (अ / ब) ची होते. ०.३०१० − ०.०२९४ केलं तर पाव वर्षात पैसे दुप्पट होतील, आणि असं सांगणाऱ्या स्कीमपासून दूर राहावं.

लॉगची समीकरणं सोडवताना शेवटची पायरी सोडू नकोस. लॉग एक्स + लॉग (एक्स − ३) = १ घे. एकत्र केल्यावर एक्स (एक्स − ३) = १०, उत्तरं ५ आणि −२. −२ मूळ समीकरणात घातला तर ऋण संख्येचा लॉग येतो, म्हणून तो बाद. ५ घालून बघ: लॉग ५ + लॉग २ = लॉग १० = १. दोन लॉग एकत्र केले की मूळ अटी नजरेआड जातात, म्हणून प्रत्येक उत्तर मूळ ओळीत घालून बघायचं. त्याला मार्क असतात.

पाठ करायचंच असेल तर तीन आकडे कर: लॉग २ = ०.३०१०, लॉग ३ = ०.४७७१, लॉग ७ = ०.८४५१. १ ते १० मधले बाकीचे यातून निघतात. ४ आणि ८ हे २ चे घात, ९ हा ३ चा, लॉग ६ ही लॉग २ आणि लॉग ३ यांची बेरीज, आणि लॉग ५ = १ − ०.३०१० कारण ५ म्हणजे १० भागिले २. टेबलमध्ये बघितलेला लॉग यांच्या मध्ये बसतो का, एवढं तपासलं तरी चुकीची ओळ लगेच पकडली जाते.

सरावाला तीन गणितं. आधी स्वतः कर, मग खालची उत्तरं बघ.

पहिलं: (०.०४५६ × २३.७) / ८.९१. दुसरं: ०.०५ चं घनमूळ. तिसरं: पीएच ८.३ असेल तर हायड्रोजन आयनांचं कॉन्सन्ट्रेशन.

पहिल्याचा लॉग बार १.०८३८ यायला हवा आणि उत्तर ०.१२१३. मध्ये बेरजेत हातचा आणि वजाबाकीत उसना, दोन्ही येतात. दुसऱ्यात बार २.६९९० ला ३ ने भागताना −२ चे −३ कर: −३ + १.६९९०, मग बार १.५६६३, उत्तर ०.३६८४. तिसऱ्यात −८.३ = बार ९.७, उत्तर ५.०१२ × १०^(−९). तिसरं १.९९५ × १०^(−८) आलं असेल तर मँटिसा धन न करताच .३ घेऊन टेबलमध्ये गेली आहेस. वरचा पीएच ५.४ चा परिच्छेद पुन्हा वाच आणि पीएच २.७, ४.१५ आणि ११.६ घेऊन तेच गणित परत कर.